बडोद्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्षी पाहायचे तर कुठे जावं, आणि तेव्हा काय दिसतं?

आधी वढवाणा गाठा. डभोईजवळचं हे तळं गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलं. 2021 पासून ते रामसर स्थळ आहे. मात्र उशीर करू नका, कारण आपल्याकडे वसंत म्हणजे हिवाळ्यात इथे येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांची परतीची वेळ. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे निघतात. मार्च सरता सरता पाणी बरंच रिकामं होतं.

गावातच राहायचं असेल तर सकाळी सातच्या आत कमाटीबागेत जा. तांबटाची टुक-टुक ऐकू येईल, पण पक्षी चटकन सापडणार नाही. तो चोच मिटूनच ओरडतो, गळा फुगवतो आणि मान फिरवत राहतो, त्यामुळे आवाज दर वेळी वेगळ्याच बाजूने आल्यासारखा वाटतो. पिंपळ-वडाच्या शेंड्याकडची निष्पर्ण फांदी बघा. शिंजीर नरही नीट पाहा: हिवाळ्यात मळकट पिवळा आणि गळ्यावर एक काळी रेघ, आता मात्र अंगभर निळा-जांभळा चकाकू लागलेला. माझ्या मते या ऋतूतलं सगळ्यात देखणं दृश्य हेच! पळस, काटेसावर फुललेली दिसली की थांबाच, परतीच्या भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे तिथे मध प्यायला उतरतात.

विश्वामित्री नदीतल्या मगरी पुलावरूनच पाहा. हे त्यांचे अंडी घालायचे दिवस असतात, माद्या काठावर खड्डे करतात. फोटोसाठी काठावर उतरू नका.