पर्यावरणशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधून खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसतं जर्नल भरायचं असतं?

तुम्ही लिहिलंय की एफवायला एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलंय, सगळे सीनियरचं जर्नल उतरवतात, मग उन्हातान्हात नदीवर जाण्यात काय पॉइंट आहे. मी पुण्यात याच विषयात बीएस्सी केलं आणि आता पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. उतरवण्यात मीही मागे नव्हतो, त्यामुळे उपदेश करत नाही, काय झालं ते सांगतो.

डीओचं प्रॅक्टिकल होतं, म्हणजे पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते मोजायचं. सॅम्पल आणायचं काम माझ्या गळ्यात. एप्रिल महिना, मुळा-मुठेच्या संगमाच्या अलीकडची मुठा नदी, काळं पाणी आणि नाकाला रुमाल लावला तरी येणारा वास. मी मिनरल वॉटरची रिकामी बाटली निम्मी भरली, स्कूटरच्या डिकीत टाकली आणि खड्ड्याखड्ड्यातून कॉलेज गाठलं. रीडिंग आलं लीटरला ६.२ मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याला निदान ५ लागतं, म्हणजे माझ्या हिशेबाने मुठेत खुशाल डुबकी मारायला हरकत नव्हती. सीनियरच्या जर्नलातही ६.४ होतं, त्यामुळे मी एकदम खूश.

मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "वास येत होता का रे?" म्हटलं हो, भयंकर. "असा वास मारणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपलेला असतो, मग तो कुठून आला?"

स्कूटरवरून आला होता. अर्ध्या बाटलीत हवा, वर वीस मिनिटं ताक घुसळावं तसं घुसळलेलं पाणी, दुसरं काय होणार.

पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हाला काचेच्या बुचाच्या ३०० मिलीच्या बीओडी बाटल्या, म्हणजे अशाच तपासण्यांसाठीच्या खास बाटल्या, दिल्या आणि सांगितलं की बाटली पाण्याखाली भरा, बुडबुडा राहता कामा नये, आणि ऑक्सिजन तिथेच काठावर फिक्स करा, म्हणजे नंतर आकडा बदलणार नाही असा केमिकलने बांधून टाका. त्यासाठी आधी २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याच्या आत धरून. आधी वर, शहराच्या अलीकडे, खडकवासला धरणाच्या बाजूला केलं, तर बाटलीत तपकिरी साका झाला, चहाच्या चोथ्यासारखा हळूहळू खाली बसत गेला. मग संगमाजवळ तेच केलं तर पांढराफेक, नासलेल्या दुधासारखा. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो मँगनीजला धरतो आणि साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. पुस्तकात ही एक ओळ आहे, मी ती पाठही केली होती, पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. लॅबमध्ये येऊन अ‍ॅसिड घातलं, तर खडकवासल्याची बाटली आयोडीनने पिवळी झाली, स्टार्च घातल्यावर निळी, आणि ब्युरेटमधून हायपो (सोडियम थायोसल्फेट) पडत गेला तशी ती निळाई उडाली; जितका हायपो लागतो त्यावरून ऑक्सिजन काढायचा. संगमाच्या बाटलीत पिवळेपणाच नाही, ब्युरेटची चावी फिरवायचीच वेळ आली नाही.

बाकी जे कंपल्सरी ईव्हीएस, म्हणजे पर्यावरण अभ्यास, असतं, सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे २००४-०५ पासून सगळ्या शाखांना लागू झालेलं, त्यात यूजीसीने १०० पैकी २५ मार्क फील्डवर्कला ठेवले होते आणि त्या २५ मार्कांचं काय होतं ते कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, स्पायरल बाइंडिंगसकट तयार मिळतं. तुमचं तसं होऊ द्यायचं नसेल तर मोठं काही नको, घराजवळचं एखादं हिरवं शेवाळलेलं तळं पकडा आणि एकाच जागेवरून पहाटे ६ ला आणि दुपारी ३ ला सॅम्पल घ्या. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तेही वापरतं, त्यामुळे दोन आकड्यांत एवढा फरक येऊ शकतो की आपलंच चुकलं असं वाटेल. चुकलं असेलही, म्हणून प्रत्येक वेळी दोन-दोन बाटल्या भरा. एक्स्टर्नलने व्हायवाला "सॅम्पल किती वाजता घेतलं" विचारलं की उतरवणाऱ्यांची बोलती बंद होते, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि हो, अ‍ॅसिड काठावर नेऊ नका, पहिली दोन केमिकल घालून बुच घट्ट लावलं की बाटली अंधारात, थंड ठेवून काही तास चालते. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू असेल तर नदीपात्रात उतरायचं नाही, पुलावरून दोरीला बादली बांधून काढलेलं सॅम्पल डीओला चालत नाही पण पीएच आणि गढूळपणाला चालतं, तेवढ्यावर भागवा.