दमणला सायकल नेताय? पावतीवर काय लिहिलंय ते आधी बघा

अमळनेरवाले भाऊ, तुम्ही विचारलंय की वडिलांना घेऊन दमणला जायचंय, देवकाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर ते चालतील, तुम्ही सायकल फिरवाल, तर घरची सायकल रेल्वेने न्यावी का. वाचलं आणि जुनं दुखणं उपटलं, म्हणून लांबलचक लिहितोय. तिकीट, हॉटेल वगैरे तुम्ही बघालच.

बुकिंगच्या खिडकीवर गेलात की "लगेज" म्हणा, "पार्सल" हा शब्द तोंडातून काढूच नका. लगेज म्हणजे आपलं तिकीट दाखवायचं आणि सामान आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात चढतं. पार्सल म्हणजे ज्या गाडीत जागा मिळेल तिने, मिळेल तेव्हा. मला हे कुठे माहीत? आपल्याच पट्ट्यातलं एक स्टेशन (नाव घेत नाही, उगाच वाद नको), साहेब मोबाईलमध्ये, मी म्हटलं सायकल पाठवायचीय वापीला (दमणला जायला उतरायचं ते स्टेशन), त्यांनी ना तिकीट मागितलं ना मान वर केली, फॉर्म सरकवला, मी भरला, पैसे दिले. दोनदा विचारलं, याच गाडीने जाईल ना? तर "जाईल जाईल". गाडी सुटली आणि खिडकीतून बघतो तर सायकल तिथेच भिंतीला टेकलेली, गोणपाटातून नुसती घंटी बाहेर आलेली. काय सांगू भो, उडी मारावीशी वाटली.

चौथ्या दिवशी ती वापीला उतरली, तेव्हा मी घरी शेवभाजी खात होतो. परत वापी, परत तिकीट, वर माल उशिरा उचलला म्हणून व्हार्फेज नावाचे जादा पैसे, हमाल वेगळा. तक्रार केली तर म्हणे पावती बघा, तुम्ही पार्सलच केलंय. बघितली, खरंच तसं लिहिलं होतं. हेच जास्त झोंबलं.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. सायकल नेऊच नका. तो देवकाचा समुद्रकाठचा रस्ता, म्हणजे नमो पथ, एप्रिल २०२३ मध्ये मोदींनी उद्घाटन केलेला, आहे ५.४५ किलोमीटर, जाऊन-येऊन अकरा. जळगावात मेहरूण तलावाला रोज चकरा मारणाऱ्याला ते काय? एवढ्यासाठी सुरतला गाडी बदलताना सायकल उतरवा, परत चढवा. मला भाड्याची मिळाली होती, ब्रेक ढिले होते पण चालली. आणि न्यायचीच असेल तर अमळनेरहून चढवायच्या भानगडीत पडू नका, गाडी जास्त वेळ थांबते अशा मोठ्या स्टेशनवरून चढवा. नियम बदलले असतील तर तिथेच विचारून घ्या, मी काही रेल्वेवाला नाही.

जायचं ते पहाटे. संध्याकाळी अख्खी कुटुंबं हातात हात घालून आडवी चालतात, मध्येच पोरं पळतात, तिथे सायकल म्हणजे नुसती घंटी वाजवत बसायचं, आणि लोक घंटी ऐकून नेमके आपल्याच बाजूला सरकतात. वडिलांना समुद्राच्या कडेने चालू द्या, तुम्ही बाहेरून हळू. वळणावर वारा रेती आणून टाकतो, पुढचा ब्रेक दाबला की गेलात. परत आल्यावर चेन गोड्या पाण्याने धुवून तेल द्या, खारी हवा दोन दिवसांत गंज चढवते. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ओहोटीला पाणी इतकं आत जातं की वडील म्हणतील समुद्र कुठंय, हा तर चिखल.

आणि एक, विषय नाही पण सांगतो. दमणला स्वस्त मिळते म्हणून बाटली पिशवीत टाकू नका. वापीकडे निघालात की लगेच गुजरात, तिथे दारूबंदी आणि रस्त्यात चेकिंग. आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणाला ट्रेनमध्ये कोण बघतं, अरे बाबा, ती ट्रेन नवापूरपर्यंत गुजरातमधूनच येते, आणि नवापूरला तर स्टेशनच अर्धं त्यांचं आहे.