तिसऱ्यांदा नीट, का एव्हिएशनचा डिप्लोमा?

नमस्कार दादा,

तुमचं भूम तालुक्यातून आलेलं पत्र वाचलं. लेकीची नीट दोनदा हुकली, तुम्ही तिसऱ्यांदा लातूरला ठेवायला तयार आहात, आणि ती म्हणते मला विमानतळ आणि पवनचक्क्यांच्या सेफ्टीचं काम करायचंय. तर हे खूळ काढायचं कसं, आणि नाहीच निघालं तर पुण्याचा एजंट सांगतो तो 3 लाखांचा एव्हिएशन डिप्लोमा करू का, असं विचारलंय.

मार्कांची मला काही काळजी वाटली नाही. "पाहुण्यारावळ्यांत डॉक्टर होणार म्हणून सांगून बसलोय" हे पत्रात दोनदा आलंय, त्याची वाटली. वर "तुझ्यासाठी वावराचा तुकडा पवनचक्कीला दिला" हे तिला उठताबसता ऐकवता, तेही तुम्हीच लिहिलंय. दादा, लेकराला असं उपकारात दाबून अभ्यास होत नसतो. दोन्ही वेळेस फिजिक्सला चांगले आणि बायोलॉजीला सगळ्यात कमी, मार्क तुम्हीच पाठवलेत की, मग तिसरं वर्ष कशाला? पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, तिच्या गळ्यात घालू नका.

सर्व्हेवाले जीपीएस घेऊन रानात आले तेव्हा तिनं विचारलं, चक्कीची उंची जमिनीपासून धरायची सोडून समुद्रसपाटीपासून कशाला धरता? तुम्ही त्याला "नको तिथं डोकं घालते" म्हणता. अहो, या कामातला पहिला प्रश्नच तो आहे! विमानतळाच्या आसपास कुठलं बांधकाम किती वर जाऊ शकतं त्याचे केंद्राचे 2015 चे नियम आहेत, ती मर्यादा समुद्रसपाटीपासूनच देतात, म्हणून बालाघाटाच्या माथ्यावरची चक्की आणि खालच्या सपाट रानातली तेवढीच चक्की यांचा हिशोब वेगळा. आणि नुसतं धडकायचं भ्या नसतं, फिरती पाती रडारला हलत्या वस्तूसारखी दिसतात, पडद्यावर नसलेलं विमान उमटू शकतं. कन्सल्टंट, म्हणजे तुमची लेक म्हणते ते सेफ्टीचं काम करणारा सल्लागार, हे आधीच तपासून पवनचक्कीच्या कंपनीला सांगतो की ही जागा सरकवा, ती उंची कमी करा, मग एअरपोर्ट्स अथॉरिटीकडं एनओसीचा अर्ज जातो. नवीन विमानतळाची जागा बघताना हेच उलट्या बाजूनं, धावपट्टीच्या टोकापुढं टेकडी, मोबाईल टॉवर, हायटेन्शन लाईन काय काय आडवं येतंय ते.

आता तुमचा गैरसमज. कोर्सच्या नावात एव्हिएशन आलं की हे काम मिळतं असं नाही. असले बहुतेक डिप्लोमे चेक-इन काउंटर आणि ग्राउंड स्टाफपुरते असतात, ते काम वाईट नाही, पण तुमची लेक ते मागतच नाहीये. कन्सल्टन्सीत बसलेली माणसं सिव्हिलची, इलेक्ट्रॉनिक्सची, सर्व्हे आणि जीआयएसची (कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं काम), शिवाय रिटायर झालेले एटीसीवाले (टॉवरमधून विमानांना वाट देणारे) नाहीतर पायलट. आधी पक्की डिग्री, मग अनुभव, विमान त्यानंतर.

बारावीला मॅथ्स आहेच, तेव्हा सीईटी देऊन सिव्हिल घ्या, नाहीतर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पुढं गेट या इंजिनिअरिंगनंतरच्या परीक्षेच्या मार्कांवरून एअरपोर्ट्स अथॉरिटीत सिव्हिलची भरती निघते, एटीसीची परीक्षा इंजिनिअर किंवा फिजिक्स-मॅथ्सचे बीएस्सी देऊ शकतात.

एजंटला एकच विचारा, तुमची किती पोरं विमानतळाच्या प्लॅनिंगवर काम करतात, नावं आणि नंबर द्या. बुकिंगचे पैसे दिले असतील तर आजच परत मागा, आणि फोन करताना लेकीला शेजारी बसवा.