साखर बंद केली की गाठ उपाशी मरते का?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळं सोडणारे उपचार) चालू आहे, पेट स्कॅनमध्ये (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या चित्रात) गाठ चमकली, ‘कॅन्सर साखर खातो’ असं सगळे सांगतात. मग साखर, भात, फळं तोडली तर गाठ उपाशी पडून औषधाला जोर येईल का?

नाही येणार. पण गाठ साखर ओढते हे खरं आहे, आणि त्याचा प्रतिकारशक्तीशी संबंधही आहे. फक्त तो ताटापाशी नाही, गाठीच्या आत आहे.

ऑक्सिजन हाताशी असूनही कर्कपेशी ग्लुकोज आंबवून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात, हे ओटो वारबुर्गने १९२०च्या दशकात दाखवलं. या वाटेने एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या नाण्याचे) २ रेणू मिळतात, पूर्ण ज्वलनात ३०च्या आसपास. तोट्याचा सौदा वाटतो. पण वाढणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही, नव्या पेशीचं बांधकाम साहित्यही लागतं आणि ते याच वाटेवर मिळतं.

गंमत अशी की लढाईवर निघालेली टी पेशी, म्हणजे कर्कपेशी मारणारी प्रतिकारशक्तीची सैनिक पेशी, अगदी हेच करते. निवांत असताना ती काटकसरीने जगते. शत्रू ओळखला, तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी-२८ या बटणातून ‘चल’ असा इशारा मिळाला, की ती ग्लट-१ हे साखरेचं दार पृष्ठभागावर वाढवते आणि भराभर ग्लुकोज फोडू लागते. गाठीत ग्लुकोज तुटपुंजं पडलं तर ती मरत नाही, बोथट होते. ग्लुकोज फोडणारं जीएपीडीएच हे विकर (एन्झाइम) रिकामं बसलं की इंटरफेरॉन-गॅमा या टी पेशीच्या हत्यारवजा प्रथिनाच्या संदेश-आरएनएला (ते बनवण्याच्या सूचनेला) चिकटतं आणि ते प्रथिन बनणंच अडतं. शिवाय फॉस्फोइनॉलपायरुवेट हा ग्लुकोज फुटताना मधे बनणारा पदार्थ कमी झाल्याने पेशीतला कॅल्शियमचा इशाराही विझतो. म्हणजे टी पेशी गाठीत पोचलेली असते, बायोप्सीत दिसतेही, पण तिच्या हातून काम होत नाही. टी पेशीवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, तोही याच साखरेच्या वाटेवर लागतो. इम्युनोथेरपीचं औषध तो ब्रेक सोडवतं. २०१५च्या उंदरांवरच्या प्रयोगांत पीडी-एल१ (कर्कपेशीवरचं, तो ब्रेक दाबणारं प्रथिन) अडवल्यावर कर्कपेशींचीच साखरेची उचल घटली आणि टी पेशींच्या वाट्याला जास्त आली.

इथवर ‘कर्कपेशी सगळी साखर पळवतात’ ही गोष्ट सरळ वाटते. ती तेवढी सरळ नाही. उंदरांच्या गाठींत पेशीगणिक उचल मोजली तेव्हा (२०२१) सर्वात जास्त ग्लुकोज मॅक्रोफेजसारख्या (कचरा गिळणाऱ्या) मायलॉइड पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या गटातल्या पेशी, घेत होत्या. कर्कपेशी पुढे होत्या त्या ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या उचलीत. तेव्हा पेट स्कॅनमधली चमक ही निव्वळ कर्कपेशींची नसते. इम्युनोथेरपीनंतर दाहामुळेही जागा उजळतात, म्हणून एका स्कॅनवरून घाबरून निष्कर्ष काढू नका.

मला विचाराल तर साखरेच्या टंचाईपेक्षा सांडपाण्याचा, म्हणजे साचलेल्या लॅक्टिक आम्लाचा, त्रास मोठा. गाठीत पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.५ ते ६.९पर्यंत उतरतो, रक्तात तो ७.४ असतो. टी पेशीलाही स्वतःचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) बाहेर टाकावं लागतं, आणि बाहेर आधीच साचलेलं असेल तर ते निघत नाही. गटार तुंबलं की घरातली मोरी वाहत नाही, तसंच. मग आतलं ग्लुकोज फोडणंही थांबतं. उलट प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात, आणि मॅक्रोफेज त्याच्या प्रभावाने गाठीला पोसणाऱ्या वळणावर जातात.

हे ऐकून कुणी खाण्याचा सोडा प्यायला सांगेल. उंदरांमध्ये बायकार्बोनेटने (म्हणजे सोड्यानेच) फायदा दिसला आहे हे खरं, पण माणसाचं रक्त पीएच ७.३५ ते ७.४५मध्ये धरून ठेवतं. रोज सोडा घेतल्याने सोडियम चढतं, पोटॅशियम उतरतं. नका देऊ. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचंही तसंच: मधुमेह नसलेल्या स्तनाच्या कर्करुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत (२०२२) आजार परतणं कमी झालं नाही.

आता ताट. साखर तोडली तरी यकृत आधी साठ्यातून, मग स्नायूंच्या प्रथिनांपासूनही ग्लुकोज बनवून रक्तातली पातळी टिकवतं. ग्लट-१चं दार कमी पातळीवरही जोमात ओढतं, म्हणून गाठीला फारसा फरक पडत नाही. वडिलांचं वजन मात्र उतरतं, आणि उपचारात तेच परवडत नाही. सरबतं-मिठाई आवरा, भात-भाकरी, डाळ, अंडी, दही चालू ठेवा. मधुमेह असेल तर तो नीट आवाक्यात ठेवा, तो वेगळा विषय.

पेट स्कॅनआधी मात्र साखरेचं पथ्य काटेकोर हवं: किमान ४ ते ६ तास फक्त साधं पाणी, आदल्या दिवसापासून जोराचा व्यायाम नाही, रक्तातली साखर शक्यतो २०० मिग्रॅ/डेलीच्या खाली. जास्त भरली म्हणून ऐनवेळी इन्सुलिन टोचलं तर ट्रेसर (स्कॅनसाठी टोचलेलं ते साखरेसारखं द्रव्य) स्नायूंत शिरतो आणि चित्र बिघडतं. मधुमेहाची औषधं कशी घ्यायची हे केंद्राला आधीच विचारा.

आणि ज्या साखरेवर खरोखर डोळा ठेवायचा ती ही: पीडी-१ अडवणारी औषधं क्वचित स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला चढवतात. प्रमाण साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी, पण मधुमेह काही दिवसांत उभा राहतो. अचानक खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, धाप लागणं, गुंगी यांपैकी काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा, साखर आणि कीटोन (इन्सुलिन नसताना रक्तात साचणारी आम्लं) तपासून घ्या आणि इम्युनोथेरपी चालू असल्याचं तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.