साइनबोर्डच्या मशीनसाठी निवृत्तीची पुंजी मोडावी का?

प्रश्न : वय 41, एका छपाई कंपनीत डिझायनर आहे. घरात कमावती मी एकटीच. आई आणि नववीतला मुलगा माझ्यावर अवलंबून आहेत. गेल्या 8 महिन्यांत फावल्या वेळात दुकानांच्या पाट्या, काचेवरची अक्षरे, नेमप्लेट अशा 11 ऑर्डरी केल्या. सरासरी बिल महिन्याच्या घरखर्चाच्या पाचव्या भागाइतके. छपाई-कटिंग बाहेरून करून घेते आणि झालेल्या खर्चावर 50 टक्के लावते. आता एका संस्थेची मोठी ऑर्डर येते आहे, पैसे मात्र काम झाल्यावर 60 दिवसांनी. नोकरी सोडून प्रिंटर, लॅमिनेटर आणि लेझर घ्यावे असे मनात आहे. लेझरवर अक्रिलिकही कापता येईल आणि स्टिकरही. मशीनना 22 महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम लागेल. त्यातले 10 महिन्यांचे पैसे निवृत्तीच्या पुंजीतून काढीन, 12 महिन्यांइतके कर्ज 3 वर्षांसाठी घेईन. गाळ्याचे भाडे आणि वीज मिळून घरखर्चाच्या 30 टक्के. बँकेतला 8 महिन्यांचा घरखर्च राखून ठेवीन. उडी घ्यावी का?

उत्तर : व्यवसाय करा. नोकरी आत्ता सोडू नका, आणि निवृत्तीच्या पुंजीला हात लावू नका.

आठ महिन्यांत 11 ऑर्डरी, त्याही नोकरी सांभाळून, ही चांगली सुरुवात आहे. तुमच्या हातात कला आहे याबद्दल मला शंका नाही. पण तुमच्याच आकड्यांवर जरा थांबू. महिन्याचा घरखर्च 100 धरा. कर्जावर वार्षिक 12 टक्के व्याज धरले, तर हप्ता 40 च्या आसपास बसतो. गाळा आणि वीज 30. म्हणजे नोकरी सोडल्याच्या दिवसापासून महिन्याला 170 लागतील. तुम्ही ज्याला 8 महिन्यांची शिल्लक म्हणता, ती नव्या खर्चात 5 महिनेही पुरणार नाही.

समोरून येते किती? 11 ऑर्डरी, प्रत्येकी 20, भागिले 8 महिने : सरासरी 27.5 चे बिल. त्यातले तुमचे किती, इथे खरी गोम आहे. खर्चावर 50 टक्के लावणे म्हणजे 100 च्या मालाचे बिल 150. हातात राहिले 50, म्हणजे बिलाचा तिसरा हिस्सा. या दराने 170 उभे करायला महिन्याला 510 चे बिलिंग हवे, आजच्या साडेअठरा पट. स्वतःचा प्रिंटर आल्यावर माल स्वस्त पडेल, हे मान्य. बिलातले 60 टक्के हातात राहतात असे धरले तरी 283 चे बिलिंग लागते, दहा पटींहून जास्त. मशीन घेतल्याने छपाईचा खर्च कमी होतो, गिऱ्हाईक वाढत नाही. तुमच्याकडे आज कमी पडते आहे ते गिऱ्हाईक.

शिवाय इको-सॉल्व्हंट प्रिंटर, म्हणजे पाट्यांचे विनाइल द्रावकाच्या शाईने छापणारे मशीन, कपाटात ठेवता येत नाही. काम नसले तरी शाई फिरती ठेवावी लागते, नाहीतर शाई सोडणारे हेड चोंदते, आणि हेड हा त्या मशीनचा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. आठवड्याला एखादी पाटी निघत असेल तर शाईचा बराच भाग हेड साफ करण्यातच जाईल.

लेझरबद्दलचा तुमचा समज मात्र आजच दुरुस्त करा, कारण तो जिवाशी गाठ घालणारा आहे. अक्रिलिक लेझरवर उत्तम कापले जाते. पण साइनबोर्डचे नेहमीचे स्टिकर पीव्हीसी विनाइलचे, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचे असतात. ते लेझरवर जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुफ्फुसांना घातक, आणि मशीनचे लोखंडही खातो. विनाइल पात्याच्या कटिंग प्लॉटरवरच कापायचे.

माझ्या मते तुमची पहिली खरेदीही तीच : सुमारे 60 सेंटिमीटर रुंदीचा चांगला प्लॉटर. प्रिंटरच्या मानाने तो फार थोड्या पैशांत येतो, महिनाभर बंद राहिला तरी बिघडत नाही, घरातल्या टेबलावर मावतो. काचेवरची अक्षरे, गाड्यांवरची नावे, नेमप्लेट त्यावर होतात. छपाई आणि लेझरचे काम आहे तसे जॉबवर्कने, म्हणजे बाहेरून करून घेऊन, चालू द्या. छपाईचे जॉबवर्क बिल सलग 6 महिने प्रिंटरच्या हप्त्याच्या दुप्पट गेले, तर प्रिंटरचा विचार करू.

दर आजपासून बदला. माल आणि जॉबवर्क मिळून जेवढा खर्च, त्याच्या किमान दुप्पट बिल, म्हणजे निम्मे हातात. त्याखेरीज जागेचे माप घेणे, डिझाइन आणि फिटिंग वेगळे लावा. पुढच्या ऑर्डरीला वहीत तास लिहा : गिऱ्हाइकाकडे खेटे, प्रूफच्या दुरुस्त्या, कापलेल्या विनाइलमधला नको तो भाग सोलणे, पाटी लावून परत येणे. हे तास तुम्ही आज फुकट देता आहात. दर 3 मीटर अंतराला अक्षराची उंची सुमारे 25 मिलिमीटर हवी, हे तुम्हाला कळते आणि दुकानदाराला कळत नाही. त्याचेच तर पैसे. मजकुरावर गिऱ्हाइकाची लेखी मंजुरी घेतल्याशिवाय काही कापू नका; एका चुकलेल्या वेलांटीपायी अख्खी पाटी पदरमोड करून पुन्हा करावी लागते. उंचावरचे काम सवयीच्या फिटरला द्या. पाटी पडून कोणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा पहिल्या बाहेरच्या पाटीआधी घ्या, आणि दिव्यांच्या पाटीची जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

नोकरी कधी सोडायची? संध्याकाळ आणि सुट्ट्यांत काम करून सलग 6 महिने खर्च वजा जाता घरखर्चाच्या निम्मे हातात पडू लागले, आणि बँकेतली शिल्लक 8 वरून 12 महिन्यांवर गेली, की राजीनामा लिहा. निम्मे म्हणजे नव्या दराने महिन्याला 20 च्या बिलाच्या 5 ऑर्डरी. अशक्य नाही, पण त्या ओळखीपलीकडच्या लोकांकडूनही यायला हव्यात. त्याआधी एक बघा : तुमच्या नेमणुकीच्या करारात असा जोडधंदा चालतो का. छपाई कंपनीतच आहात म्हणून हे जास्त जपून सांगते आहे.

राहिली ती मोठी ऑर्डर. ती घ्या, पण 60 दिवसांच्या उधारीवर नाही. महिन्याला 100 चे काम केले तर 50 चा माल रोख आणावा लागतो, आणि दोन महिन्यांत पूर्ण एका महिन्याचा घरखर्च लोकांकडे अडकतो. धंदा वाढेल तसा हा आकडा वाढतो. चांगले चाललेले छोटे धंदे इथेच गुदमरतात. संस्थेला सांगा : निम्मी रक्कम ऑर्डरीसोबत, उरलेली पाट्या लागल्यावर. नाहीच म्हणाले, तर निदान मालाचे पूर्ण पैसे आधी मागा आणि काम दोन टप्प्यांत करा, पहिल्याचे पैसे आल्यावर दुसरा. तेही नको म्हणाले, तर ही ऑर्डर सोडा. हे अवघड जाईल, ठाऊक आहे. पण आज पगार चालू आहे म्हणून तुम्ही नाही म्हणू शकता; हप्ता सुरू झाल्यावर म्हणता येणार नाही.