अहवालाच्या आदल्या रात्री

प्रश्न : मी ५२ वर्षांची, वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहते. अंडाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झाली. घरचे जपतात, परंतु सीए-१२५ या, आजाराचा माग ठेवणाऱ्या रक्ततपासणीपूर्वीची धास्ती त्यांना सांगवत नाही. कोणाशी बोलावे?

उत्तर : आपल्या माणसांना घाबरवू नये म्हणून गप्प राहणे स्वाभाविक आहे, म्हणूनच या आजारातून गेलेली परकी स्त्री अनेकदा अधिक जवळची वाटते. केमोथेरपी कक्षातील परिचारिकेला किंवा समुपदेशकाला, दुसऱ्या रुग्णाची संमती घेऊन ओळख करून देण्याची विनंती करावी. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा गट मिळाला तरी जावे; मात्र तेथे अंडाशयाच्या आजाराचे प्रश्न, विशेषतः तो उलटण्याची भीती, कदाचित पुरते उमगणार नाहीत. मैत्रीण गुजराती निघाली तर काय बिघडले? फक्त दोघींनी सीए-१२५चे आकडे ताडून पाहू नयेत, कारण हा आकडा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा पोटातील दाह यांमुळेही वाढतो.