आज रात्री बाबांनी जिंकायचं

*मावशी, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दीड वर्ष बुद्धिबळाच्या क्लासला जातोय. गेल्या रविवारी पहिल्यांदाच स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फेरीत दोन-तीन मिनिटांत मात झाली. त्याने पटावरचे मोहरे उधळले आणि इतका रडला की मी त्याला घेऊन घरी आले. आता क्लासचं नाव काढू देत नाही, ‘मी ढ आहे’ म्हणतो. गुकेशसुद्धा जगज्जेतेपदाच्या लढतीत पहिला डाव हरला होता, हे दहादा सांगून झालं. घरी छान खेळतो, रोज रात्री बाबांना हरवतो (हरला तर जेवत नाही, म्हणून ते जरा सांभाळून घेतात). याला अपयश पचवायला कसं शिकवू?*
*– एक आई, सांगली*

ताई, तुमचं पत्र मी एकदा वाचलं, कंसातली ओळ मात्र तीनदा.

‘सांभाळून घेतात’ म्हणजे काय, ते उघडच बोलू. दमून आलेला बाप दहाव्या चालीला वजीर मुद्दाम मारात ठेवतो आणि ‘अरेच्चा, लक्षच नव्हतं’ म्हणतो. पोरगा वजीर उचलतो, टाळ्या पडतात, जेवण होतं. रोज रात्री हेच. यातून तो काय शिकला? समोरचा वजीर फुकट देतो, आपल्या राजाकडे बघायची गरज नसते. रविवारी समोर बाबा नव्हते, एवढंच झालं.

एवढ्या लवकर मात झाली म्हणजे बहुधा ती चार चालींची मात असणार. पांढऱ्याचं राजापुढचं प्यादं दोन घरं, काळ्याचंही तसंच ई5 वर (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), मग पांढरा वजीर थेट एच5 वर, उंट सी4 वर, आणि चौथ्या चालीला वजिराने एफ7 चं प्यादं मारलं की खेळ खलास. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचीच राखण नसते, सगळी मेख तिथे. क्लासमध्ये त्याने ही मात फळ्यावर पाहिलीही असेल. पण अंगावर कधी घेतली नाही. घरी देणार कोण?

म्हणून आज रात्री बाबांनी त्याला हीच मात द्यायची. चौथ्या चालीला, हसू न लपवता आणि माफी न मागता.

तो रडेल. पाणी द्या, गुकेश देऊ नका. 2024 साली सिंगापूरला 14 डावांत गुकेश दोन हरला आणि तरी जिंकला, हे अगदी खरं. पण नऊ वर्षांच्या पोराला त्यातून ऐकू येतं ते एवढंच की आता आई मला जगज्जेता करायला निघाली. दहा मिनिटं गप्प बसा. मग बाबांनी पुन्हा पट मांडावा. वजीर एच5 वर आला की काळ्याचा घोडा सी6 वर, म्हणजे ई5 चं प्यादं वाचलं. उंट सी4 वर आला की मग प्यादं जी6 वर. वजिराची वाट बंद आणि त्याला पळावंही लागतं. क्रम चुकू देऊ नका. घाबरलेली मुलं घोड्याआधीच प्यादं ढकलतात. मग वजीर ई5 चं प्यादं खाऊन राजाला शह देतो आणि त्याच दमात कोपऱ्यातला हत्तीही पकडतो. उद्या रात्री परत हाच डाव. परवा-तेरवा तो वजिराला हाकलेल, आणि तेव्हा बाबांना खरोखर वाईट वाटलं पाहिजे.

बापलेकाच्या खेळात बरोबरी हवी, ते मान्य. पण ती चोरून करू नका. डाव मांडतानाच बाबांनी आपला वजीर त्याच्यादेखत डब्यात टाकावा आणि उरलेल्या मोहऱ्यांनी जीव तोडून खेळावं. मुलगा चारातले तीन डाव जिंकू लागला की वजीर पटावर परत, हत्ती डब्यात. पुढे हत्तीही परत, घोडा बाहेर. रात्री दोनच डाव, ‘एक शेवटचा’ नाही.

तुमच्यावर माझा राग वेगळा आहे. मुलांच्या बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, हरलेला बाद होत नाही. दुसऱ्या फेरीत हरलेल्याची गाठ शक्यतो हरलेल्याशीच घालतात. म्हणजे तुमच्या मुलासमोर त्याच्यासारखाच डोळे पुसत आलेला एखादा पोरगा बसणार होता, आणि तो डाव कदाचित तुमचा मुलगा जिंकला असता. तुम्ही त्याला गाडीवर बसवून घरी आणलंत. पुढच्या स्पर्धेला सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत गाडीची किल्ली पर्समधून काढायची नाही.

तिसऱ्या-चौथ्या रात्री बाबा विरघळतील. घरात आजी असतील तर ‘जिंकू दे की लेकराला’ हेही होईल. तो ताटावरून उठून जाईल. जाऊ द्या, ताट झाकून ठेवा. दहाच्या सुमाराला स्वयंपाकघरात पावलं वाजतील. वरण गरम करून द्या आणि डावाचा विषय काढू नका.